मोत्याच्या नाकातलं माजघर

पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला आमच्याकडं तरणा पाऊस म्हणतात आणि त्याच्या मागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा धिंगाणा घालतो, म्हातारा मात्र पडवीत बसलेल्या थोरल्या माणसासारखा दिवसचे दिवस पुटपुटत राहतो. यंदा ह्या दोघांच्या अदलाबदलीच्या सुमाराला अशी झड लागली की सलग पाच दिवस अंगणात पाऊल टाकता आलं नाही. वीज पहिल्याच रात्री गेली. दोन दिवसांसाठी म्हणून पुण्याहून आलेली नातवंडं घाटात दरड आल्यामुळं इथंच अडकली. चुलीत ओलं सरपण धुमसतंय, कोनाड्यात कंदील मिणमिणतोय, घोंगड्या पांघरून आम्ही सगळे सोप्यात बसलोय, आणि आमच्या मधून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोत्याच्या येरझाऱ्या चालल्यात.

मोत्या म्हणजे तांबूस अंगाचा, उभ्या कानांचा, शेपटीचं वेटोळं पाठीवर टाकून हिंडणारा साधा गावठी कुत्रा. वय चार वर्षं. एरवी दिवस उजाडल्यापासून त्याच्यामागं हजार कामं असतात: बांधावरच्या घुशी हुसकायच्या, शेजारच्या कोंबड्यांना त्यांची हद्द दाखवायची, एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाची हुंगून चौकशी करायची. झडीनं त्याची ही सगळी कामं बंद केली. पहिला दिवस त्यानं झोपून काढला. दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या वहाणेचा अंगठा उपटून काढला. तिसऱ्या दिवशी कणगीच्या बुडाशी उकरायला लागला, तेव्हा सूनबाई म्हणाली, “आबा, ह्याला गोठ्यात बांधा बाई एकदाचं.”

मी म्हटलं, बांधायला नको, त्याला काम देऊ. एक शिळी चतकोर भाकरी आण, चिमूटभर सुकट आण आणि माळ्यावरचं ते फाटकं गोणपाट काढ.

नातवंडं गोळा झाली. भाकरीचे बोराएवढे तुकडे केले, सुकटीच्या पाण्यात नुसते बुडवून काढले आणि गोणपाट जमिनीवर पसरून घडीगणिक एकेक तुकडा ठेवत त्याची वळकटी केली, अगदी वारीला निघालेला माणूस आपलं अंथरूण गुंडाळतो तशी. ती मोत्यापुढं ठेवली. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग सूनबाईकडं, कारण घरातल्या वस्तूंना तोंड लावायचं नाही हे त्याला चांगलं ठाऊक. “शोध,” म्हटलं. मग त्यानं नाक खाली घातलं आणि सोप्यात एक आवाज सुरू झाला, फुस् फुस् फुस् फुस्, शिंप्याचं मशीन दुरून ऐकावं तसा. पाऊस होता, चूल होती, चार पोरं होती, पण तेवढा वेळ मोत्याच्या जगात ती वळकटी सोडून काही नव्हतं. नाकानं ढोसून, पंजानं दाबून, एकेक घडी उलगडत त्यानं सारे तुकडे काढले. वीस मिनिटं लागली असतील. मग रिकाम्या गोणपाटावरच त्यानं अंगाचं मुटकुळं केलं आणि असा झोपला की त्याच्या शेपटीवरून मांजर गेलं तरी डोळा उघडला नाही. पाच मैल शिवार हिंडून आल्यावर झोपतो तसा.

धाकटी नात म्हणाली, “आबा, हा पळाला तर नाहीच, मग दमला कशानं?”

ही पोर बरोबर जागेवर बोट ठेवते. मी कंदील खाली घेतला आणि झोपलेल्या मोत्याचं नाक तिला दाखवलं. तुम्हीही कधी तरी आपल्या कुत्र्याचं नाक निवांत बघा. पुढं दोन भोकं असतातच, पण प्रत्येक भोकाच्या कडेला बाहेरच्या बाजूला वळलेली एक चीर असते, स्वल्पविरामाच्या शेपटीसारखी. कुत्रा हुंगताना हवा समोरच्या भोकांतून आत घेतो आणि सोडताना ती ह्या कडेच्या चिरांतून मागं आणि बाजूला फेकतो. त्यामुळं समोरचा वास त्याच्या स्वतःच्या फुंकरीनं उडून जात नाही, उलट त्या बाजूच्या झोतानं नवी हवा नाकाकडं ओढली जाते. आपण उदबत्तीचा वास घेऊन श्वास सोडला की तो वास आपणच विस्कटतो. मोत्या तसं करत नाही, आणि हे सगळं सेकंदाला चार-पाच वेळा चालतं. शिंप्याचं मशीन म्हटलं ते उगीच नाही.

आता आत काय होतं ते ऐका. कुत्र्याचं नाक हे आपल्या जुन्या घरासारखं आहे, पुढं सोपा आणि मागं माजघर. आत शिरलेल्या हवेतली बहुतेक हवा सोप्यातूनच खाली वळते आणि फुप्फुसाकडं जाते. ती श्वासाची हवा. पण साधारण आठवा हिस्सा वरच्या अंगानं सरळ मागच्या माजघरात जातो, आणि तिथं कागदासारख्या पातळ हाडांच्या अशा घड्यांवर घड्या आहेत जशा कोबीच्या गड्ड्यात पानांवर पानं. त्या घड्यांवर वास टिपणाऱ्या पेशींचं अस्तर. माणसाच्या नाकात अशा पेशी पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे कमीजास्त, वीस कोटींच्या वर. आणि खरी गंमत पुढंच आहे: श्वास बाहेर टाकताना ही हवा माजघरातून जातच नाही, सोप्यातूनच परतते, म्हणून आत शिरलेला वास तिथं निवांत रेंगाळतो आणि पुढच्या हुंगण्याची त्यात भर पडते. आमची आजी माजघराच्या अंधारात, दिवा न लावता, कुठल्या मडक्यात हुलगे आणि कुठल्यात चवळी हे नुसतं झाकण उचलून सांगायची. ती म्हणायची, बाहेरच्या उजेडात वास पळतो, इथं तो बसून राहतो. तिनं कुत्र्याच्या नाकाचा नकाशा कधी पाहिला नव्हता, पण माजघर म्हणजे काय हे तिला पुरतं कळलं होतं.

तर ह्या माजघरात आलेल्या मालाची वर्गवारी मोत्याच्या मेंदूला करावी लागते. गोणपाटात आधी भरलेल्या भुईमुगाचा वास, माळ्यावरच्या उंदरांचा, माझ्या हातांचा, नातीच्या हातांना लागलेल्या साबणाचा, आणि ह्या सगळ्यांच्या खाली कुठं तरी सुकट लागलेली भाकरी. ते वेगळं काढणं म्हणजे डोक्याचं काम, आणि डोक्याच्या कामानं अंग दमतं. दिवसभर तलाठ्याच्या कचेरीत उतारे वाचून आलेला माणूस नांगर न धरताही दमून येतो, त्यातलाच प्रकार.

हुंगण्यानं कुत्र्याच्या मनाचं काय होतं हे बघायला शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ ह्या दोन संशोधिकांनी २०१९ साली एक सुरेख प्रयोग छापला. त्यांनी काही कुत्र्यांना शिकवलं की भांडं एका बाजूला ठेवलं असेल तर त्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूला असेल तर ते रिकामं असतं. मग भांडं बरोबर मध्ये ठेवलं. आता त्यात काही आहे की नाही, हे कुत्र्यानं आपल्या मनानंच ठरवायचं. जो आशेनं बघतो तो धावत जातो, जो निराश असतो तो रमतगमत जातो. त्यानंतर दोन आठवडे निम्म्या कुत्र्यांना रोज नाकानं शोधायचे खेळ दिले आणि निम्म्यांना मालकाच्या पावलाला पाऊल लावून चालायची शिस्त शिकवली. पुन्हा मधलं भांडं ठेवलं, तेव्हा नाकाचे खेळ खेळलेले कुत्रे आधीपेक्षा लवकर त्याच्याकडं गेले. शिस्तवाल्यांमध्ये तसा फरक पडला नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं. हुंगू दिलं की कुत्र्याचं मन उमेदीचं होतं, हे आता मोजून पाहिलेलं आहे.

नातवानं मग एक शंका काढली. शोधायला लावण्यापेक्षा समोर वाटीत ठेवलेलं त्याला आवडणार नाही का? हा प्रश्न ग्लेन जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला १९६३ साली पडला होता. त्यानं २०० उंदरांपुढं दाण्यांचं भांडं फुकटात भरून ठेवलं आणि शेजारी एक दांडा ठेवला, जो दाबला की दाणा पडतो. भांडं समोर असताना बहुतेक उंदीर दांडा दाबून दाणे मिळवत राहिले. पुढं हेच अनेक प्राण्यांवर करून पाहिलं आणि पुष्कळांनी कष्टाच्या घासाला हात घातला. मांजर मात्र वेगळं निघालं. कॅलिफोर्नियात २०२१ साली पाळीव मांजरांची परीक्षा घेतली तर त्यांनी सरळ फुकटचं ताट पसंत केलं. आम्ही आमच्या सोप्यात मोत्या आणि आमची मांजर मनी ह्या दोघांपुढंही तोच डाव मांडला. मनीनं वाटीतली दूधभाकरी संपवली आणि चुलीपाशी जाऊन बसली. मोत्यानंही आधी वाटी चाटून साफ केली, खोटं कशाला सांगू, पण मग तो गोणपाटापाशी गेला, त्यावर पंजा ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिला. पोट भरलं होतं, शोधायचं राहिलं होतं.

संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तीन वाट्यांचा खेळ झाला. तीन वाट्या पालथ्या, एकीखाली भाकरीचा तुकडा, आणि मोत्याच्या देखत तो ठेवायचा. नुसतं ठेवलं तर तो चुकत नाही, सरळ त्या वाटीला नाकानं उलथतो. पण ठेवल्यावर वाट्यांच्या जागा सरसर बदलल्या की तो बावचळतो आणि वाट्यांकडं बघायचं सोडून माणसाच्या तोंडाकडं बघतो. इथं नातीनं खोडी काढली. रिकाम्या वाटीकडं बोट दाखवून “ही बघ, मोत्या” म्हणाली. आणि वीस कोटी पेशींचं नाक असलेला तो प्राणी, भाकरी दोन वितींवर असताना, तिच्या बोटामागं जाऊन रिकामी वाटी उलथून बसला.

पोरं हसली, पण ह्यात हसण्यापेक्षा नवल करण्यासारखं जास्त आहे. माणसाच्या बोटाच्या रोखानं बघायचं, बोटाकडं नाही, हे समजणं सगळ्याच प्राण्यांना जमत नाही. चिंपांझी आपला जवळचा भाऊबंद, पण ह्या परीक्षेत तो अडखळतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ब्रायन हेअर नावाचा तरुण विद्यार्थी चिंपांझींवरचं हे काम बघत होता, आणि आपल्या गुरूंना म्हणाला की हे तर माझ्या घरच्या कुत्र्याला येतं. गुरूंचा विश्वास बसेना. मग त्यानं अटलांटात आई-वडिलांच्या घरी गॅरेजमध्ये आपल्या ओरिओ नावाच्या कुत्र्यापुढं भांडी उलटी मांडून परीक्षा घेतली, आणि ओरिओ बोटाबरहुकूम गेला. पाळीव कुत्र्यांच्या बुद्धीवर आज जगभर जे काम चाललंय त्यातला एक मोठा झरा त्या गॅरेजातल्या घरगुती खेळातून फुटला.

कोणी म्हणेल, ती तर लाडाकोडात, माणसाळून वाढलेली कुत्री. तर आपल्याकडचं ऐका. कोलकात्याच्या आयसर ह्या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात, त्या कुत्र्यांचा जी कुणाची नाहीत आणि ज्यांना कुणी काही शिकवलेलं नाही. त्यांनी २०२० साली दाखवलं की जवळ यायला तयार झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री अनोळखी माणसानं दाखवलेल्या बोटाच्या दिशेनं बरोबर गेली. पुष्कळशी भेदरून जवळच आली नाहीत, आणि त्यांना भेदरायला कारणं माणसांनीच दिलेली असतात. पण जी आली त्यांना आपली खूण कळत होती. आमचा मोत्या त्याच गोतावळ्यातला, त्याची आई बाजारातल्या मटणाच्या दुकानामागं राहायची.

नातीला मी एकच गोष्ट बजावली, की खोटं बोट पुन्हा दाखवू नकोस. जपानात क्योटोला हे तपासून बघितलंय. माणसानं एकदा खरं बोट दाखवलं, कुत्रं गेलं. मग मुद्दाम रिकाम्या भांड्याकडं दाखवलं आणि ते रिकामं असल्याचं कुत्र्याला बघू दिलं. त्यानंतर त्याच माणसानं बोट दाखवलं तर बरीचशी कुत्री जागची हलली नाहीत. नवा माणूस आणला, तर त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकला. नात गप्प झाली, मोत्याजवळ गेली, त्याच्या कानामागं खाजवलं आणि भाकरीच्या वाटीकडं नीट बोट दाखवलं. मोत्या गेला. एका चुकीवरून त्यानं तिला टाकलं नाही.

चौथ्या दिवशी चेंडू निघाला, लाल रंगाचा रबरी. आमच्या सोप्याची जमीन गेरूनं सारवलेली, तांबूस. चेंडू घरंगळत गेला, भिंतीला टेकून थांबला, आणि मोत्या त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा राहून जमीन हुंगत फिरला. पोरांना वाटलं हा सोंग करतोय. सोंग नव्हतं. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. निळा आणि पिवळा त्याला छान दिसतो. लाल रंग त्याला मातकट दिसतो, हिरवाही तसाच. थांबलेला लाल चेंडू त्याच्या लेखी जमिनीतच विरघळतो. हलता असता तर त्यानं झेपेत धरला असता. म्हणून घरात खेळणं आणायचं असेल तर निळं किंवा पिवळं आणा, आणि चेंडू कुत्र्याच्या जबड्यात मावून घशात जाईल इतका लहान नसावा.

दोरखेचीचं सांगतो, कारण आमच्याकडं लोक म्हणतात की कुत्र्याला ओढाओढीत जिंकू दिलं की ते डोक्यावर बसतं. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ ह्यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना वीस वेळा जिंकू दिलं आणि वीस वेळा हरवलं. जिंकून कुणी शिरजोर झालं नाही, उलट खेळ झाल्यावर सगळीच अधिक आज्ञाधारक वागली. तेव्हा जुना पंचा घ्या, मध्ये दोन गाठी मारा आणि खुशाल ओढा. मोत्या खेळाआधी पुढचे पाय जमिनीवर पसरतो आणि मागचं अंग उंच करून शेपूट हलवतो. ती कुत्र्यांच्या भाषेतली सूचना, की आता मी गुरगुरेन, दात दाखवेन, पण ते सगळं खेळातलं धरा. इतकी सरळ बोली माणसांतही कमीच ऐकू येते.

एक खेळ मात्र मी तिथल्या तिथं बंद केला. नातवानं अंधारात बॅटरीचा झोत भिंतीवर नाचवला आणि मोत्या त्याच्यामागं भिंतीवर उड्या मारायला लागला. बघायला मौज वाटते, पण त्या झोतात धरायला काही नसतं. शिकार करायची, पोचायचं, आणि तोंडात काहीच यायचं नाही, असं पुन्हापुन्हा झालं की काही कुत्र्यांना त्याचं वेडच लागतं आणि ती पुढं भिंतीवरच्या कवडशांमागं आणि सावल्यांमागं पळत सुटतात. शोध संपल्यावर दाताखाली काही तरी आलं पाहिजे, निदान गाठीचा पंचा तरी.

आता झडीची, घरात अडकण्याची आणि खेळाची सगळ्यात नामी गोष्ट सांगतो. जर्मनीत रिको नावाचा बॉर्डर कॉली कुत्रा होता, जन्म डिसेंबर १९९४चा. ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढरं वळते. आपल्या धनगराच्या कुत्र्याचं काम लांडगा अडवायचं, ह्यांचं काम नजरेच्या धाकानं कळप हाकायचं, म्हणून दिवसभर पळायला पाहिजे. आणि ह्या रिकोचा दहा महिन्यांचा असतानाच खांदा दुखावला. पळापळ बंद, घरात बसून राहायचं. मालकीणबाईंना त्याची तगमग बघवेना. त्यांनी घरात तीन वस्तू तीन जागी ठेवल्या आणि एकेकीचं नाव घेऊन “आण” म्हणायला सुरुवात केली. आणली की शाबासकी, खाऊ, थोडा खेळ. तीनच्या चार झाल्या, चारच्या दहा. खांदा बरा झाला, खेळ थांबला नाही. होता होता दोनशे वस्तूंची नावं त्याला येऊ लागली.

लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या युलियाने कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची परीक्षा घेतली. कुणाच्या डोळ्यांवरून, मानेवरून त्याला इशारा मिळू नये म्हणून वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवल्या, आणि रिकोनं ४० पैकी ३७ बरोबर आणल्या. मग त्यांनी ओळखीच्या सात वस्तूंमध्ये एक अगदी नवी वस्तू ठेवली आणि त्यानं कधी न ऐकलेलं नाव उच्चारलं. आता ह्यानं काय करावं? दहा वेळा असं केलं, त्यात सात वेळा तो नवीच वस्तू घेऊन आला. म्हणजे ह्या सातांची नावं मला येतात, हे नाव त्यातलं नाही, तेव्हा ते ह्या आठवीचं असणार, असा हिशेब त्याच्याकडून झाला. चार आठवडे ती वस्तू त्याला दाखवलीसुद्धा नाही, तरी निम्म्या वेळा त्यानं नावावरून ती ओळखून आणली. तीन वर्षांचं मूल नवे शब्द उचलतं ते ह्याच वाटेनं. २००४ साली हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं, आणि त्याची सुरुवात दुखऱ्या खांद्याच्या कुत्र्याला घरात रमवण्यातून झाली होती.

ते ऐकून अमेरिकेत साउथ कॅरोलायनातले निवृत्त प्राध्यापक जॉन पिली कामाला लागले. वय पंचाहत्तरीचं. वॉफर्ड कॉलेजात त्यांनी मानसशास्त्र शिकवलेलं. चेसर नावाचं पिल्लू त्यांच्या घरी होतं. रोज कित्येक तास ते तिच्याबरोबर जमिनीवर बसून खेळायचे, प्रत्येक खेळण्यावर त्याचं नाव शाईनं लिहून ठेवायचे, कारण इतकी नावं त्यांच्या स्वतःच्या लक्षात राहीनात, चेसरच्या मात्र राहायची. तीन वर्षांत १०२२ नावं. कापडी प्राणीच आठशे.

पण मोत्याला तेवढं येईल असं समजू नका. बुडापेस्टच्या संशोधकांनी साध्या घरगुती कुत्र्यांना तीन महिने शिकवून पाहिलं, तर बहुतेकांना दोन खेळण्यांची नावंही पक्की झाली नाहीत. रिको आणि चेसर हे कुत्र्यांतले हजारांत एखादे. आमच्या नातवंडांनी पाच दिवस “पंचा” आणि “चेंडू” घोकवलं, आणि मोत्यानं दर वेळी जे जवळ होतं ते आणलं. आणलं की “शाब्बास” म्हणायचं, तेही मनापासून. बुडापेस्टलाच कुत्र्यांना यंत्रात निवांत पडायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा दिसलं की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही एकत्र आले तरच त्यांच्या मेंदूतली आनंदाची जागा जागी होते. कोरड्या आवाजातलं “शाब्बास” त्यांच्या कानापर्यंत पोचतं, पुढं नाही.

खाऊचं मात्र सांभाळा, कारण मुलं प्रेमानं हाताला येईल ते लपवतात. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा, लसूण त्यांच्या रक्ताला बाधतात. चॉकलेट विषारी, आणि साखर नसलेल्या च्युइंग गममधला झायलिटॉल नावाचा गोडवा तर फार थोडासुद्धा घातक. भाकरी, मीठ न घातलेलं उकडलेलं अंडं, गाजराचा तुकडा, धुतलेली सुकट, एवढं पुष्कळ झालं.

पाचव्या रात्री पोरं झोपेला आली तेव्हा मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. पुन्हा जर्मनीतलीच, पण फार मागची. बॉन शहराजवळ ओबरकासेल नावाची जागा आहे. १९१४ साली तिथं दगडाच्या खाणीत एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत कुत्र्याच्या पिल्लाची हाडं सापडली. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. शेती नव्हती, तेव्हाची. शंभर वर्षांनी त्या पिल्लाचे दात नीट तपासले, तर त्यांच्यावर आजाराच्या खुणा दिसल्या. साडेचार महिन्यांचं असताना त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता. हा आजार झालेलं पिल्लू उभं राहू शकत नाही, ओकतं, त्याला झटके येतात. कुणी उबेला घेऊन पाणी पाजलं नाही तर ते थोड्याच दिवसांत जातं. हे पिल्लू पुढं आठ आठवडे जगलं. त्या अवस्थेत त्याचा शिकारीला काही उपयोग नव्हता, राखणीलाही नव्हता. तरी कुणी तरी शेकोटीपाशी त्याच्याजवळ बसून राहिलं, आणि शेवटी त्याला आपल्या माणसांच्या शेजारी पुरलं.

नातीनं झोपेतच हात लांब करून मोत्याच्या पाठीवर ठेवला. पाऊस चालूच होता.

सहाव्या दिवशी सकाळी उघडीप झाली आणि मोत्या घुशींचा हिशेब घ्यायला बांधावर गेला. तुमच्याकडं झड अजून उघडली नसेल, किंवा तुम्ही चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत असाल आणि तुमचा मोत्या दाराकडं बघत बसला असेल, तर आज एक चतकोर भाकरी कुस्करा, जुन्या चादरीत गुंडाळा आणि त्याच्यापुढं ठेवा. आणि तो हुंगत असेल तोवर त्याला हाक मारू नका.